डोके खाली, डावा हात सरळ: गोल्फच्या उपदेशांचा मागोवा

1687 च्या जानेवारीत एडिंबरोतला एक तरुण रोजनिशी लिहीत होता. त्याचे नाव टॉमस किनकेड. तो वैद्यकी शिकत होता. वाचन, औषधे, तब्येत यांच्या नोंदींमध्ये मधूनच गोल्फ डोकावतो. लीथच्या मैदानावर खेळून आला की काठी नेमकी फिरवायची कशी, हे तो कागदावर स्वतःलाच समजावू लागतो. उभे राहायचे ते तलवारबाजासारखे, गुडघे किंचित वाकवून. चेंडू छातीसमोर, पण जरा डाव्या पायाच्या बाजूला. फटक्याचा जोर शरीराच्या वळण्यातून आला पाहिजे, हातांनी स्वतंत्र धावायचे नाही. शिवाय पाय, पाठ आणि हात यांचे स्नायू घट्ट आवळून धरायचे, ढिले पडू द्यायचे नाहीत.

गोल्फच्या स्विंगविषयी लिहिलेला, आजवर हाती लागलेला हा सर्वांत जुना सल्ला. त्यातला अर्धा भाग आजचा चांगला शिक्षकही देईल. चेंडूची जागा, गुडघ्यांचा बाक, शरीराचे वळणे, हे सगळे सव्वातीनशे वर्षांनंतरही टिकून आहे. पण स्नायू आवळण्याची गोष्ट नवशिक्याने मनावर घेतली तर त्याचा खेळ बसलाच म्हणून समजा. आवळलेल्या मनगटातून आणि खांद्यातून वेग निघत नाही. ही चूक किनकेडने आणली ती बहुधा तलवारीच्या आखाड्यातून. जे हत्यार हाताला माहीत होते त्याची शिस्त त्याने नव्या काठीला लावली. चांगला आणि वाईट सल्ला असे पहिल्याच पानावर शेजारी शेजारी बसले, आणि पुढे त्यांची वंशावळ वेगळी काढणे कुणालाच सोपे गेले नाही.

स्विंग म्हणजे काय, हे आधी थोडे पाहायला हवे. काठी मागे नेणे, वर थांबल्यासारखे होणे, खाली आणणे, चेंडू मारणे आणि पुढे जाणे, हे सारे दीडएक सेकंदात उरकते. काठी वरून चेंडूपर्यंत येते ती साधारण पाव सेकंदात. चेंडू आणि काठीचा, म्हणजे क्लबचा, स्पर्श टिकतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग. एवढ्या वेळात खेळाडूला काही सुधारता येत नाही आणि बघणाऱ्याला काही दिसत नाही. तरीही प्रत्येक चुकलेल्या फटक्यानंतर शेजारचा माणूस छातीठोकपणे कारण सांगतो. गोल्फमधल्या बहुतेक वाईट सल्ल्यांचा उगम इथे आहे: जे घडले ते दिसत नाही, आणि जे दिसते ते घडून गेल्यानंतरचे असते.

किनकेडची रोजनिशी खासगी होती. स्विंगचा सल्ला छापून विकायला सुरुवात झाली ती 1857 मध्ये. स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातल्या कूपर गावी ‘द गोल्फर्स मॅन्युअल’ नावाचे छोटे पुस्तक निघाले. लेखकाने नाव दिले नव्हते, ‘अ कीन हँड’ एवढेच छापले होते. तो होता हेन्री ब्रॉम फार्नी. हा काळही लक्षात घ्यावा. चामड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला महागडा चेंडू मागे पडून 1848 च्या सुमारास गटापर्चाचा स्वस्त चेंडू आला होता. त्यामुळे खेळायला नवे लोक येत होते. आधी खेळ शिकायचा तो खेळाडूच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडीच्या मागे चालत, लहानपणापासून बघत बघत. आता प्रौढ वयात हातात पहिल्यांदा काठी धरणारा माणूस आला, आणि त्याला शब्दांची गरज पडली. सल्ल्याला गिऱ्हाईक मिळाले ते असे.

त्या शतकातला मला सर्वांत शहाणा वाटणारा लेखक म्हणजे सर वॉल्टर सिम्प्सन. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन 1876 मध्ये बेल्जियम आणि फ्रान्सच्या कालव्यांतून होडीने हिंडला, तेव्हा दुसऱ्या होडीत जो मित्र होता तोच हा. त्याचे ‘द आर्ट ऑफ गोल्फ’ 1887 मध्ये आले. चेंडू मारणे ही एकच गोष्ट खेळात अटळ आहे, बाकीच्या नियमांना तसा मान नाही, आणि खेळाडूचे लक्ष स्वतःच्या कोपरा-गुडघ्यांवर गेले की फटका बिघडतो, असा त्याच्या म्हणण्याचा रोख आहे. गंमत अशी की स्विंगची छायाचित्रे वापरणाऱ्या पहिल्या पुस्तकांतही हेच पुस्तक येते. शरीराकडे फार बघू नका म्हणणाऱ्या माणसानेच शरीराकडे बघण्याचे सर्वांत मोठे साधन पुढच्या पिढीच्या हाती दिले.

कॅमेऱ्याने सल्ल्याची जातच बदलली. 1904 मध्ये जॉर्ज बेल्डम याने ‘ग्रेट गोल्फर्स’ हे पुस्तक काढले. हॅरी व्हार्डन, जे. एच. टेलर, जेम्स ब्रेड हे त्या काळचे तीन दिग्गज त्यात चेंडूवर, काठी वर नेताना, फटका संपवताना असे ठिकठिकाणी गोठवलेले दिसतात. तोवर शिक्षक सांगत तो वेग आणि लय यांच्या भाषेत. आता स्थितीची भाषा आली. या क्षणी कोपर इथे, त्या क्षणी मनगट तिथे. छायाचित्रातला क्षण हा वाहत्या हालचालीचा परिणाम असतो. वाचकाने तो आज्ञा म्हणून घेतला, आणि तो क्षण मुद्दाम घडवू लागला. आज फोनवर स्वतःचे चित्रण थांबवून त्यावर रेघा मारणारा प्रत्येक जण बेल्डमचा वारसदार आहे.

डोके खाली ठेवण्याचा सल्ला याहून जुना. स्कॉटलंडमध्ये चेंडूवर नजर ठेवायला सांगत, आणि त्यात काही चूक नव्हती. नजर ठेवण्यावरून डोके स्थिर ठेवण्यावर, आणि तिथून डोके खाली दाबून धरण्यावर लोक कधी गेले, हे एका तारखेने सांगता येत नाही. पण का गेले हे सांगता येते. नवशिका चेंडूच्या वरच्या भागावर मारतो आणि चेंडू जमिनीवरून सरपटत जातो. चेंडू कुठे गेला हे बघायला त्याचे डोके वर येते. बघणाऱ्याला दिसते ते एवढेच: सरपटलेला चेंडू आणि वर आलेले डोके. दोन्ही एकदम दिसल्यावर एकाला दुसऱ्याचे कारण ठरवणे मनाला फार सोपे जाते. खरे कारण बहुतेक वेळा वेगळे असते. चेंडू उचलायच्या धडपडीत हात कोपरात आखडतात, वजन मागच्या पायावरच राहते, कमरेतला बाक सरळ होतो. काठीच्या वर्तुळाचा सर्वांत खालचा बिंदू त्यामुळे वर किंवा मागे सरकतो. या माणसाला डोके खाली दाबायला लावले की खांदे अडतात, वजन पुढे जायचे राहते, आणि रोग आणखी बळावतो. भारतातल्या कुठल्याही सरावाच्या मैदानावर अर्धा तास उभे राहा, हा सल्ला कानावर पडेलच. मालक कॅडीला देतो, कॅडी मालकाला देतो, बाप मुलाला देतो.

यात खरा अंशही आहे, आणि तो टाकून देऊ नये. जॅक निक्लस लहानपणी ओहायोतल्या साओटो क्लबवर जॅक ग्राउट यांच्याकडे शिकला. काठी फिरवताना डोके इकडेतिकडे जाऊ नये म्हणून ग्राउट यांचा सहायक समोर उभा राहून त्याचे केस मुठीत धरी. निक्लसने स्वतः हे लिहून ठेवले आहे, डोळ्यांत पाणी यायचे हेही. या शिक्षेतून जगातला सर्वांत यशस्वी गोल्फर घडला. पण ती शिक्षा होती पूर्ण ताकदीने काठी फिरवणाऱ्या एका पोरासाठी. त्याचे डोके खरोखरच हलत होते, आणि शिक्षक रोज समोर उभा होता. उलट टोकाला अनिका सोरेनस्टाम. क्लब चेंडूला लागतो त्या क्षणी तिचा चेहरा लक्ष्याकडे वळलेला असतो. डेव्हिड ड्यूव्हलही तसाच. दोघांनीही व्यावसायिक स्पर्धेत 59 फटक्यांची फेरी खेळली, त्याने 1999 मध्ये आणि तिने 2001 मध्ये. डोके वळू दिल्याने त्यांचे शरीर मोकळे फिरले. सोरेनस्टामचे केस कुणी धरले असते तर आपण एका महान खेळाडूला मुकलो असतो, असे मला मनापासून वाटते.

डावा हात सरळ, हा दुसरा लाडका उपदेश. (या लेखात सगळीकडे उजव्या हाताने खेळणारा खेळाडू गृहीत धरला आहे.) हॅरी व्हार्डनने ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली, 1896 पासून 1914 पर्यंत. हा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. दोन्ही हातांची बोटे एकमेकांवर चढवणारी पकड त्याच्यामुळे जगभर पसरली आणि त्याच्याच नावाने ओळखली जाते, जरी जॉनी लेडलीसारखे खेळाडू ती आधीपासून वापरत होते. या व्हार्डनचा डावा हात काठी वर गेल्यावर चांगला वाकलेला असे. छायाचित्रांत तो स्पष्ट दिसतो. त्याची पकड सगळ्यांनी घेतली, त्याचे कोपर मात्र कुणी घेतले नाही. पुढच्या पिढ्यांतल्या विजेत्यांचे हात सरळ दिसले, आणि नियम ठरून गेला.

मग आला कॅल्व्हिन पीट. लहानपणी झाडावरून पडून त्याचे डावे कोपर मोडले आणि नीट जुळले नाही. हात पूर्ण सरळ होणे त्याला शक्यच नव्हते. शेतमजुरांच्या वस्त्यांवर फिरून तो माल विकत असे. गोल्फची काठी त्याने पहिल्यांदा धरली ती विशी उलटल्यावर. अमेरिकेच्या पीजीए टूरवर त्याने 12 स्पर्धा जिंकल्या. टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्यात, मारलेला चेंडू फेअरवेच्या कापलेल्या गवतावर ठेवण्यात 1981 पासून 1990 पर्यंत सलग दहा वर्षे तो पहिला होता, आणि त्याच्या आसपासही दुसरा कोणी नव्हता. 1984 मध्ये सर्वांत कमी सरासरीबद्दलचा व्हार्डन करंडक त्याला मिळाला. वाकलेल्या कोपराच्या माणसाचे नाव असलेला करंडक वाकलेल्या कोपराच्या माणसाकडे गेला. सरळ हाताने काठीचे वर्तुळ मोठे राहते आणि त्याची त्रिज्या बदलत नाही, हा त्या सल्ल्यामागचा विचार बरोबर आहे. पण जोर लावून ताठ केलेला हात खांद्यापासून बोटांपर्यंत सगळे आवळून टाकतो. तिथे किनकेडच्या आवळलेल्या स्नायूंचे भूत परत येते.

सल्ला बिघडण्याचे आणखी एक कारण म्हणजे काठीच बदलली. 1920 च्या दशकापर्यंत दांडा हिकरीच्या लाकडाचा असे. लाकूड वाकतेच, पण स्वतःभोवती पिळलेही जाते. जोराने मारल्यास क्लबचा फेस, म्हणजे चेंडूला लागणारी सपाट बाजू, मागे राहतो, म्हणून खेळाडू हाताने तो फिरवून वेळेवर बंद करी. मनगटे मोकळी, लय सावकाश, वळणे मोठे. पोलादी दांड्याला अमेरिकी गोल्फ संघटनेने 1924 मध्ये परवानगी दिली, सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या नियम ठरवणाऱ्या संस्थेने 1929 मध्ये. पोलाद फारसे पिळत नाही. हिकरीच्या काळातली हाताची फिरवाफिरव पोलादावर केली की फेस गरजेपेक्षा जास्त बंद होऊ लागला. कालपर्यंत जे कौशल्य होते तेच आज दोष ठरले.

आणि नेमक्या याच वळणावर जुन्या काठीची शिकवण जगभर पोचली. बॉबी जोन्सने 1930 मध्ये त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी जिंकल्या, हिकरीच्या काठ्यांनी, आणि तो निवृत्त झाला. 1931 मध्ये वॉर्नर ब्रदर्सने त्याच्याकडून स्विंग शिकवणारे 12 छोटे चित्रपट करून घेतले. ते चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवत. ती लय पाहताना आजही डोळे निवतात, आणि सिनेमाने शिकवलेला हा पहिला मोठा गोल्फवर्ग होता. पण ज्या वर्षी ते पडद्यावर आले त्याच वर्षी बिली बर्कने पोलादी दांड्याने अमेरिकी ओपन जिंकली. पोलादासाठी लागणारी चाल टेक्सासचा बायरन नेल्सन त्यानंतरच्या वर्षांत स्वतःच घडवत गेला: हातांचे काम कमी, पाय आणि डावी बाजू पुढाकार घेणारी. 1945 मध्ये त्याने 18 स्पर्धा जिंकल्या, त्यांतल्या 11 सलग. पुढे चेंडू आणि काठ्या तपासणारे यंत्र बनवले गेले तेव्हा त्याची हालचाल नेल्सनच्या स्विंगवर बेतली आणि त्याला नाव मिळाले ‘आयर्न बायरन’.

नेल्सनच्याच वयाचा, फोर्ट वर्थच्या ग्लेन गार्डन क्लबवर त्याच्याबरोबर कॅडी म्हणून वाढलेला दुसरा मुलगा म्हणजे बेन होगन. गोल्फच्या सल्ल्यांच्या इतिहासात त्याच्याएवढे वजन कुणाच्याच शब्दाला आले नाही, आणि त्याच्याएवढा चुकीचा वापरही कुणाच्या शब्दांचा झाला नाही.

होगनचा आजार होता हुक. चेंडू डावीकडे झपाट्याने वळून खाली जायचा. तो लहान चणीचा. लांब मारण्यासाठी हात जोरात फिरवी, आणि क्लबचा फेस लागण्याआधीच बंद होई. अनेक वर्षे तो या हुकने गांजला. शेवटी त्याने पकड बदलली. डावा हात दांड्यावर डावीकडे सरकवला, त्यामुळे फेस सहजासहजी बंद होईना. काठी वर गेल्यावर डाव्या मनगटाला मागच्या बाजूने किंचित खळगा पडेल असे वाकवले, त्यामुळे फेस आणखी उघडा राहिला. आता तो कितीही जोराने मारू शकत होता, चेंडू डावीकडे पळणार नव्हता. फेब्रुवारी 1949 मध्ये टेक्सासात बस त्याच्या मोटारीवर आदळली आणि तो मरता मरता वाचला. दुसऱ्याच वर्षी मेरियन इथे त्याने अमेरिकी ओपन जिंकली. 1953 मध्ये तीन मोठ्या स्पर्धा जिंकल्या. साऱ्या देशाला त्याचे रहस्य हवे होते. 1955 मध्ये ‘लाइफ’ मासिकाने ते छापले, आणि त्यात मुख्य होते ते हे मनगट आणि ही पकड.

1957 मध्ये ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये त्याचे पाच धडे आले आणि लगोलग ‘फाइव्ह लेसन्स’ हे पुस्तक. शब्द घडवायला हर्बर्ट वॉरन विंड, चित्रे काढायला अँथनी रॅव्हिएली. खांद्यांवर टेकलेली तिरपी काच आणि तिच्याखालून फिरणारे हात, हे रॅव्हिएलीचे चित्र ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. पुस्तक अप्रतिम आहे. उभे राहणे, वळणे, खालून वर होणाऱ्या हालचालीचा क्रम यांवर त्याहून नितळ लिहिलेले मी वाचलेले नाही. सामान्य अंगाच्या माणसालाही ही मूलतत्त्वे गिरवून 80 च्या आत खेळता येईल, हा होगनचा विश्वास पानापानावर जाणवतो.

पण पुस्तक विकत घेणाऱ्यांना हुक नव्हता. हौशी खेळाडूंतल्या बहुसंख्यांचा आजार उलटा, स्लाइस: चेंडू उजवीकडे वळत वळत झाडीत. त्याचे कारण उघडा राहिलेला फेस. या माणसाने होगनची पकड घेतली. जो उपाय फेस बंद होऊ नये म्हणून शोधला होता, तो त्याने आधीच उघड्या फेसवर लावला. स्लाइस वाढला. मग तो चेंडू उजवीकडे जाऊ नये म्हणून आणखी डावीकडे मारू लागला, त्याने तिरका घाव बसू लागला, स्लाइस त्याहून वाढला. कित्येक जण या चक्रात वर्षानुवर्षे फिरले, आणि दोष पुस्तकाला न देता स्वतःच्या अंगाला देत राहिले. मला यातले सर्वांत दुःखदायक तेच वाटते. होगन खोटे बोलला नव्हता. त्याचे प्रत्येक वाक्य त्याच्या हातांपुरते खरे होते. पुस्तकाला फक्त एक गोष्ट करता आली नाही. वाचकाचा चेंडू कुठे वळतो, हे त्याला विचारता आले नाही.

चेंडू का वळतो याबद्दलचा सल्ला तर मुळातच चुकला होता, आणि तो शिक्षकांना शिकवणाऱ्यांनीच पसरवला. अनेक पिढ्या असे सांगितले गेले की चेंडू निघतो त्या दिशेने ज्या दिशेने काठी फिरली, आणि नंतर वळतो तो फेस जिकडे बघत होता तिकडे. त्यातून एक व्यावहारिक सूचना निघे. वाटेत झाड आले तर फेस लक्ष्याकडे ठेवा, काठी झाडाच्या बाजूने फिरवा, चेंडू बाजूने निघून वळत लक्ष्याकडे येईल. थोर थोर खेळाडूंच्या पुस्तकांत हे आहे. सांगितल्याबरहुकूम मारणाऱ्याचा चेंडू झाडाच्या बुंध्यावर आपटे. ते थोर खेळाडू स्वतः मात्र झाडाला वळसा घालत, कारण त्यांचे हात त्यांनी लिहिलेले पाळत नव्हते.

चेंडूचे विज्ञान तेव्हा अगदी अज्ञात होते असे नाही. एडिंबरो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी 1890 च्या दशकात गोल्फच्या चेंडूच्या उड्डाणावर निबंध लिहिले. चांगल्या फटक्यात चेंडू उलटा, म्हणजे वरची बाजू मागे येईल असा फिरत असतो, आणि त्या फिरण्यानेच तो हवेत तरंगतो, हे त्यांनी दाखवले. त्यांचा मुलगा फ्रेडी याने हौशी खेळाडूंचे ब्रिटिश अजिंक्यपद 1896 आणि 1898 मध्ये जिंकले. 1900 मध्ये तो बोअर युद्धात मारला गेला, आणि पुढच्याच वर्षी वडील गेले. इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसन यांनी 1910 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूवर व्याख्यान दिले. अॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांचे ‘सर्च फॉर द परफेक्ट स्विंग’ 1968 मध्ये आले. ब्रिटिश गोल्फ सोसायटीच्या पाठबळावर झालेले ते अनेक वर्षांचे संशोधन होते. चेंडू मुख्यतः फेसच्या दिशेने निघतो, हे त्यात होते. तरी मैदानावरचा शिक्षक जुनेच सांगत राहिला, कारण अर्ध्या मिलिसेकंदातला पुरावा त्याच्या डोळ्यांपुढे कुणी ठेवला नव्हता.

तो पुरावा आला डेन्मार्कहून. 2003 मध्ये सुरू झालेल्या ट्रॅकमॅन कंपनीने चेंडू आणि क्लब दोन्हींचा माग काढणारे रडार बनवले. प्रत्येक फटक्याचे आकडे लगेच पडद्यावर दिसू लागले. लांब मारायच्या ड्रायव्हर या काठीच्या फटक्यात चेंडूची सुरुवातीची दिशा साधारण 85 टक्के फेसने ठरते, आयर्न या धातूच्या पात्याच्या काठीने मारताना 75 टक्क्यांच्या आसपास. वळण ठरते ते फेस आणि मार्ग यांच्यातल्या फरकाने. झाडाला वळसा घालायचा तर फेसच आधी झाडाच्या बाजूला हवा, आणि काठीचा मार्ग त्याच्याही पलीकडे. इतक्या वर्षांची शिकवण काही वर्षांत उलटली, आणि बहुतेक शिक्षकांनी ती प्रामाणिकपणे उलटू दिली. हे त्यांचे मोठेपण मी मानतो. आयुष्यभर शिकवलेले चुकीचे होते, हे शिष्यासमोर कबूल करायला धैर्य लागते.

रडार सांगते काय झाले ते. काय करावे हे सांगणारा वेगळाच वंश आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत आरोग्यवान. त्याचा मूळपुरुष अर्नेस्ट जोन्स, इंग्लंडमधला व्यावसायिक गोल्फर. 1916 मध्ये पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तो जखमी झाला आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कुबड्यांवर मैदानात येऊन, एका पायावर तोल सांभाळत त्याने पूर्ण फेरी खेळली आणि 83 फटक्यांत संपवली. वजन डावीकडून उजवीकडे न्यायचे, उजव्या पायाने रेटा द्यायचा, कमरेने पुढाकार घ्यायचा, हे तोवरचे सगळे सल्ले त्याच्यापुरते बाद झाले होते. तरी चेंडू नीट जात होता. मग नेमके काय टिकले होते? त्याचे उत्तर: क्लबच्या टोकाचे झुलणे. शरीर त्या झुलण्याच्या मागोमाग आपसूक जुळवून घेते.

पुढे तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कमध्ये बंद खोलीत शिकवू लागला. तिथे त्याचे साधन होते एक रुमाल आणि त्याच्या टोकाला बांधलेला खिशातला चाकू. रुमाल धरून चाकू झुलवला की कापड ताठ राहते. हाताने ढकलायला जाल तर रुमाल लगेच ढिला पडतो. कापडातून ढकलता येत नाही, फक्त ओढता येते. शिष्याने रुमाल आणि क्लब शेजारी धरून दोन्ही एकसारखे झुलवायचे, इतकाच धडा. त्याची शिष्या व्हर्जिनिया व्हॅन वी हिने 1932, 1933 आणि 1934 अशी सलग तीन वर्षे अमेरिकेचे महिला हौशी अजिंक्यपद मिळवले. त्याच्या ‘स्विंग द क्लबहेड’ या पुस्तकाच्या नावातच त्याची सगळी शिकवण आहे.

याला प्रयोगशाळेतून दुजोरा मिळाला तो 1999 मध्ये. गाब्रिएले वुल्फ या हालचाल शिकण्याच्या शास्त्रातल्या संशोधक. वाऱ्यावर चालणाऱ्या शिडाच्या फळीवर वळण घेताना पायांकडे लक्ष दिल्यापेक्षा फळीच्या कलण्याकडे लक्ष दिले की जमते, असे त्यांना स्वतःला जाणवले, आणि त्यांनी ते तपासायला घेतले. गोल्फ कधीच न खेळलेल्या लोकांना त्यांनी जवळच्या लक्ष्यावर चेंडू मारायला लावले. एका गटाला हातांच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितले, दुसऱ्याला क्लबच्या लंबकासारख्या झुलण्याकडे. दुसरा गट सरावात सरस ठरला, आणि दुसऱ्या दिवशी सूचना न देता घेतलेल्या चाचणीतही. नंतरचे सगळे प्रयोग एकमुखाने हेच सांगत नाहीत. अगदी कच्च्या खेळाडूंना शरीराकडे लक्ष दिल्याचा फायदा झाल्याचेही 2003 च्या एका अभ्यासात दिसले. तरी एकंदर पारडे जोन्सच्या रुमालाकडे झुकते.

चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपास वस्तीतली मुले लोखंडी सळई वाकवून तिचा क्लब करतात आणि गल्लीबोळांतून प्लास्टिकचा चेंडू मारतात. त्यांतली कित्येक कॅडीचे काम करणारी. दिल्लीचा अली शेर असाच कॅडीतून आला आणि 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरला. या मुलांना स्विंग शिकवायला कुणी उभे राहिले नव्हते. ती मोठ्यांचा संपूर्ण फटका बघत, त्याची लय अंगात भरून घेत, आणि ठरलेल्या लक्ष्यापाशी चेंडू न्यायचा या एकाच ध्यासाने मारत. छापील सल्ला सुरू होण्याआधी लीथ आणि सेंट अँड्र्यूजची पोरे जशी शिकली, तशीच ही शिकली. पण त्यांतल्या हुशार मुलांना पुढे चांगला शिक्षक आणि चांगली काठी मिळायला हवी, नुसत्या बघण्यावर सगळे भागते असे म्हणून आपण त्यांना तिथेच सोडता कामा नये.

सल्ला देणाऱ्यांत मला सर्वांत आदर वाटतो तो टेक्सासातल्या ऑस्टिन कंट्री क्लबच्या हार्वी पेनिक यांचा. अनेक दशके ते एका वहीत टिपणे करीत राहिले, आणि ती कुणाला दाखवत नसत. 1992 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी, त्यांनी ती ‘लिटिल रेड बुक’ म्हणून छापू दिली. सल्ला औषधासारखा असतो, एक गोळी सांगितली तर आख्खी बाटली घेऊ नये, असे ते शिष्यांना बजावत. टॉम काइट आणि बेन क्रेनशॉ ही दोन मुले लहानपणापासून त्यांच्याकडे शिकली. काइट आखीव, दर फटक्यामागचे कारण शोधणारा. क्रेनशॉ अंगच्या लयीवर जाणारा. पेनिक एकाचा धडा चालू असताना दुसऱ्याला तिथे थांबू देत नसत, काइटला सांगितलेले क्रेनशॉच्या कानावर पडू नये म्हणून, आणि क्रेनशॉचे काइटच्या. 1972 मध्ये अमेरिकेच्या महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या स्पर्धेत दोघे बरोबरीत पहिले आले.